क्रिओल पोर्क घरी करताना चव कुठे हरवते

वसईच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी इंदियाल, सोरपोतेल नेहमीचं, त्यामुळे पोर्कला हात बसलेला. ह्यूस्टनला राहणाऱ्या भावाने क्रिओल मसाल्याचा डबा आणून दिला. त्यावरची कृती वाचून त्यांनी आधी जांबालाया (मांस घालून एकाच भांड्यात शिजवलेला भात) केला, मग रेड बीन्स अँड राइस, म्हणजे लाल राजमा आणि भात. जांबालायात मांस चिवट राहिलं, ते मऊ होईपर्यंत भाताचा गिचका झाला आणि चव आली टोमॅटो पुलावाची. बीन्स लागले राजम्यासारखे. नाताळला वीसएक माणसं जेवायला येणार आहेत. त्या विचारतात, मसाला दुप्पट घालू की दुसऱ्या कंपनीचा मागवू?

दोन्ही करू नका. डब्यातल्या क्रिओल मसाल्यात बहुतेक वेळा सगळ्यात जास्त असतं ते मीठच. दुप्पट घातलात तर पदार्थ खारट होईल, बाकी काही बदलणार नाही. तुमची अडचण मसाल्याची नाहीच. आपल्याकडे वाटण परतताना चव उमलते, मांस त्यात नंतर पडतं. क्रिओल म्हणजे अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लीन्स शहराचा स्वयंपाक, आणि त्यात चव तयार होते ती भांड्याच्या बुडाशी, आणि तीही पाणी पडायच्या आधी. मांस लाल करताना बुडाला तपकिरी थर धरतो, तो कांद्याने सोडवायचा, पुन्हा धरू द्यायचा, पुन्हा सोडवायचा. मिरपूड, थाइम (एक सुगंधी पाला), तिखट हे नंतरचं वरकाम. तो थर झाला नसेल तर कुठल्याही डब्यातला मसाला घाला, पुलावच होणार.

मी न्यू ऑर्लीन्सच्या किचनमध्ये बरीच वर्षं काम केलं आणि आता पुण्यात ऑर्डरप्रमाणे जेवण करून देतो. तिथलं काय इथे जसंच्या तसं चालतं आणि काय बदलावं लागतं, हे रोज हाताखालून जातं. तरी काही गोष्टी तुमच्याच हातात आहेत: खाटीक कुठला तुकडा देतो, भांडं किती जाड आहे, शेगडीची आच किती. त्यामुळे माझी मिनिटं अंदाजाची समजा आणि डोळ्यांनी काय दिसायला हवं त्यावर भरवसा ठेवा.

आधी चिवट मांस आणि गिचका भात, कारण या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. भाताला लागतात वीस-पंचवीस मिनिटं. पोर्क शोल्डरला लागतो तास-सव्वा तास. खांद्याच्या मांसात चिवट पडदे असतात, त्यातलं कोलॅजन सत्तर अंशांच्या पुढे सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन होतं. तेव्हाच मांस मऊ पडतं आणि रसाला अंगही येतं. ही क्रिया वेळ घेते, मोठ्या आचेने लवकर होत नाही. डब्यावरच्या कृती सोप्या दिसाव्यात म्हणून मांस आणि तांदूळ जवळपास एकत्रच टाकायला सांगतात. तिथे बरेच जण चिकन किंवा तयार सॉसेज वापरतात, त्यांचं निभतं. शोल्डर घेतलात तर तांदूळ पडायच्या आधी मांस नव्वद टक्के शिजलेलं हवं. एवढा एक बदल केलात तरी अर्ध्या तक्रारी मिटतील.

तुकडा मात्र शोल्डरच घ्या. मांडीचं किंवा कमरेचं मांस दिसायला स्वच्छ असतं, पण त्यात ना चरबी ना पडदे, आणि तासभरात ते कोरडं चोथ्यासारखं होतं. वसईत पोर्क बहुधा कातडीसकट मिळतं. इंदियालला ती कातडी छान, इथे ती काढायला सांगा, कारण ती तेलात उडते आणि मांसाचा पृष्ठभाग भांड्याला टेकू देत नाही. सुटी चरबी टाकू नका. बारीक चिरून, दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर कढवा आणि त्याच चरबीत पुढचा सगळा स्वयंपाक करा. शेंगदाणा तेलात केलात तर पहिल्या पायरीलाच पदार्थ आपल्या वळणावर येतो.

आता लाल करणं. इथे मी जरा थांबतो, कारण घरोघरी गाडी इथेच अडते. एक किलो मांसाचे चार-चार सेंटिमीटरचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा कापडाने किंवा टिश्यूने कोरडा पुसा. ओलं मांस लाल होत नाही. आधी पाण्याची वाफ व्हावी लागते आणि तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही. लाल व्हायला साधारण एकशेचाळीस अंश लागतात. बिडाची कढई असेल तर उत्तम, नाहीतर जाड बुडाचं स्टीलचं भांडं. नॉनस्टिक नको, त्याला थर धरतच नाही. कढई चांगली तापली की दोन चमचे चरबी घाला आणि तुकडे एकमेकांना न लागता मांडा. घरच्या शेगडीवर एक किलोचे किमान तीन घाणे होतील. सगळं एकदम टाकलंत तर मांस पाणी सोडतं, तडतड थांबून खदखद ऐकू येते आणि मांस राखाडी होऊन उकडायला लागतं. त्यापुढे आच कितीही वाढवली तरी उपयोग नाही.

तुकडे मांडले की चार-पाच मिनिटं हात लावू नका. उलथन्याने ओढून बघण्याची आपली सवय इथे नडते. नीट लाल झालेला तुकडा बूड आपणहून सोडतो. चिकटून बसला असेल तर अजून वेळ आहे. दोन-तीन बाजू गडद झाल्या की काढून ठेवा, पुढचा घाणा. तिसऱ्या घाण्यानंतर कढईच्या बुडाकडे नीट बघा. विटकरी-तपकिरी, चकचकीत, थोडा चिकट थर दिसायला हवा आणि वास भाजलेल्या मांसाचा. कुठे काळे ठिपके दिसले, जळका कडवट वास आला, तर चरबी ओता, कढई पुसा आणि नवी चरबी घेऊन पुढे जा. काळा थर पुढे कितीही पाण्यात मिसळला तरी कडूच राहतो.

त्या थरावर पडतं कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि सेलरी हे त्रिकूट. तिकडे त्याला ट्रिनिटी म्हणतात. मी दोन वाट्या कांदा, एक वाटी मिरची, एक वाटी सेलरी घेतो, तिन्ही बारीक चिरून. आधी फक्त कांदा टाका, चिमूटभर मीठ घाला, आच मध्यम. कांद्याला पाणी सुटलं की लाकडी उलथन्याने बूड खरवडा; सगळा तपकिरी थर कांद्यात उतरतो आणि कांदा क्षणात रंग बदलतो. दोन-तीन मिनिटांत बुडाला पुन्हा धरायला लागेल. पळीभर पाणी, पुन्हा खरवडा. असं तीन-चार वेळा, पंधरा-वीस मिनिटं. कांदा पार विरघळून गडद झाला की मिरची, सेलरी, शेवटी लसूण. टोमॅटो, पाणी, मसाला यातलं काहीही याच्या आधी नको. टोमॅटो आधी पडला तर त्याच्या पाण्याने रंग चढणं थांबतं. तुमच्या जांबालायात बहुधा हेच झालं असावं, कारण टोमॅटो पुलावाची चव म्हणजे न परतलेल्या टोमॅटोचीच चव.

हे हातात यावं म्हणून माझं सांगणं असं, की जांबालायाकडे परत जाण्याआधी एकदा नुसतं स्मदर्ड पोर्क, म्हणजे दाट रसात झाकून शिजवलेलं पोर्क, करा. नाव मोठं नाही, पण न्यू ऑर्लीन्सच्या घरांत हे रोजचं जेवण आहे. वर सांगितलं तसं मांस लाल करा, त्रिकूट परता, त्यावर दोन चमचे मैदा टाकून तो बदामी होईपर्यंत हलवा. तीन वाट्या गरम पाणी किंवा हाडांचं सूप, थोडी मिरपूड, थाइम, तिखट घाला. मांस आत सोडा, झाकण ठेवा, अगदी मंद आचेवर सव्वा तास. टोमॅटो नाही, धूर नाही, सॉसेज नाही. तरीही चव खोल आली तर समजा बूड जमलं. नाही आली तर काय चुकलं तेही लगेच कळतं, कारण लपायला जागाच नाही.

मग जांबालाया. हा पदार्थ दोन तऱ्हांनी होतो. न्यू ऑर्लीन्स शहरातला क्रिओल जांबालाया टोमॅटो घालून लाल असतो. खेड्यांकडचा केजन जांबालाया टोमॅटोशिवाय तपकिरी. केजन म्हणजे कॅनडाच्या अकेडिया भागातून १७५५ पासून इंग्रजांनी हाकललेल्या फ्रेंच शेतकऱ्यांचे वंशज. क्रिओल स्वयंपाक मात्र शहराचा: फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलेलं बंदर, मधे काही दशकं स्पेनची सत्ता, आणि चुलीपुढे मुख्यतः आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं. भात, भेंडी, तिखट, मंद शिजवणं यात त्यांचा हात स्पष्ट दिसतो. लुइझियानातलं गोन्झालेस नावाचं गाव स्वतःला जांबालायाची राजधानी म्हणवतं, तिथे बिडाच्या अवाढव्य कढयांत लाकडावर तपकिरी जांबालाया होतो. तुम्हाला पुलावाची आठवण नको असेल तर पहिल्यांदा तपकिरीच करा.

एक किलो शोल्डरला पाव किलो स्मोक्ड सॉसेज आणि अर्धा किलो तांदूळ. मांस, मग सॉसेजच्या चकत्या लाल करून घ्या, त्रिकूट परता, मांस परत टाकून दीड लिटर पाण्यात पाऊण ते एक तास झाकून शिजवा. तुकडा चमच्याने दाबला की तुटायला हवा. आता रस गाळून मोजा. ही पायरी कोणी करत नाही आणि भात तिथेच बिघडतो, कारण तासाभरात किती पाणी आटलं ते कुणालाच ठाऊक नसतं. एक वाटी तांदळाला पावणेदोन ते दोन वाट्या रस राहील असं पाणी वाढवा किंवा आटवा. उकळी आणून चव घ्या: रस थोडा खारट आणि थोडा जास्त तिखट लागायला हवा, भात ते शोषणार आहे. तांदूळ घाला, एकदा हलवा, उकळी आली की झाकण, खाली तवा, आच सगळ्यात मंद. पंचवीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, मधे ढवळायचं तर मुळीच नाही. नंतर दहा मिनिटं तसंच ठेवून बुडातून एकदा अलगद वर-खाली करा.

तांदूळ सेला बासमती घ्या. हा उकडा लांब तांदूळ असतो. तिकडेही मोठ्या कढयांत बरेच जण तसाच तांदूळ वापरतात, तो सहजासहजी मोडत नाही. साध्या बासमतीचा वास या पदार्थाशी भांडतो. आंबेमोहोर, इंद्रायणी तर नकोच.

रेड बीन्सवर तुमचा हात सगळ्यात आधी बसेल असं मला वाटतं, आणि त्याचं कारण तुमचं इंदियाल. न्यू ऑर्लीन्सला हा सोमवारचा पदार्थ. सोमवार कपडे धुण्याचा दिवस, रविवारच्या हॅमचं हाड उरलेलं, ते राजम्याबरोबर चुलीवर टाकून बायका धुण्याला लागायच्या. न्यू ऑर्लीन्सचा जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग पत्राच्या शेवटी ‘रेड बीन्स अँड राइसली युअर्स’ लिहायचा, इतका हा त्या शहराचा पदार्थ आहे. यात पडतं पिकल मीट, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेलं शोल्डर. बर्फ नसण्याच्या काळात मांस टिकवायची ती रीत. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते, आणि डुकराचं मांस व्हिनेगर-लसणात मुरवायची त्यांची रीत इंदियाल, विंदालूच्या रूपाने तुमच्याकडे राहिली. पिकल मीटचा त्याच्याशी थेट संबंध नाही, पण हाताला तेच काम आहे. फरक इतकाच की तिथे मसाला वाटत नाहीत.

एक लिटर साधं पांढरं किंवा उसाचं व्हिनेगर घ्या. पाव वाटी पिवळी मोहरी, दहा-बारा लसूण पाकळ्या ठेचून, दोन चमचे मीठ, चमचाभर मिरे, थोडं तिखट घालून उकळी आणा आणि पूर्ण थंड करा. एक किलो शोल्डरचे तुकडे काचेच्या बरणीत घालून वर ओता, मांस बुडलेलं हवं, आणि तीन दिवस फ्रिजमध्ये. ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका. हे मांस मुरलेलं असलं तरी कच्चंच आहे, पूर्ण शिजवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही.

अर्धा किलो मोठा लाल राजमा रात्रभर भिजवा, पाणी फेका. नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळा. हे टाळू नका: कच्च्या लाल राजम्यात असा घटक असतो की तो नीट उकळला गेला नाही तर उलट्या होतात, आणि मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये तो नष्ट होत नाही. दुसऱ्या भांड्यात स्मोक्ड मांस लाल करून त्रिकूट परता, राजमा त्यात ओता, दोन लिटर पाणी, मंद आच. पिकल मीट आधी धुऊन, साध्या पाण्यात पाच मिनिटं उकळून घ्या आणि राजमा अर्धा मऊ झाल्यावरच टाका. आंबट गोष्ट आधी पडली की राजम्याचं साल घट्ट राहतं. टोमॅटोही याच कारणाने नको. आपला राजमा मसाला आठवायला तोच पुरेसा असतो. बोअरचं जड पाणी असेल तर भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. एकूण अडीच-तीन तास. शेवटी एक वाटी दाणे कढईच्या कडेला चेपून मिसळा, रस मलईसारखा दाट होतो. मीठ अगदी अखेरीस, कारण स्मोक्ड मांस आणि पिकल मीट आपलं मीठ सोडत असतात.

कुकर चालेल का? बीन्सना चालेल, पण त्रिकूट कढईतच परतायचं आणि नंतर झाकण काढून अर्धा तास आटवायचं. कुकरमध्ये पाणी उडत नाही, म्हणून रस पातळ आणि चव सपाट राहते. जांबालायाच्या भाताला कुकर नको.

राहिला धूर, आणि तो खरंच आपल्याकडे कमी पडतो. तिकडे आंडूई नावाचं जाडसर पोर्क सॉसेज आणि टासो नावाचं मसाला लावून धुरावलेलं खांद्याचं मांस, हे दोन्ही मिठासारखे चवीपुरते वापरतात. न्यू ऑर्लीन्सजवळचं लाप्लास गाव आंडूईसाठी प्रसिद्ध आहे. तुमच्या डोळ्यांसमोर गोव्याची चोरिस, म्हणजे तिथलं पोर्क सॉसेज, येईल. ती मला फार आवडते, पण तिच्यातलं व्हिनेगर आणि मसाला इतका ठाम असतो की पदार्थ गोव्याचा होतो. माझ्या मते आपल्याकडे टासोच्या सगळ्यात जवळ जातं ते नागालँडकडचं धुरावलेलं पोर्क. मुंबई-पुण्यात ईशान्येकडच्या वस्तूंच्या दुकानांत मिळतं. गरम पाण्यात अर्धा तास ठेवून बारीक चिरा. एक किलो ताज्या मांसाला दीडशे ग्रॅम पुरे. तेही नाही मिळालं तर स्मोक्ड बेकन. कोळशाचा धुंगार द्यायचाच असेल तर निखाऱ्यावर तूप न टाकता पोर्कचीच चरबी टाका आणि पाच मिनिटांत काढा.

बाकी मसाल्यांचं पटकन सांगतो. तिखटाच्या जागी ब्याडगी रंगाला, गुंटूर तिखटपणाला. काळी आणि पांढरी मिरपूड दोन्ही. सुकं थाइम सुपरमार्केटात मिळतं. तिकडचं बे लीफ म्हणजे लॉरेलचं पान, आपलं तमालपत्र नव्हे. तमालपत्राला दालचिनीचा वास असतो, एक पान टाकलंत तरी पुलाव आठवतो. लॉरेल नाही मिळालं तर काहीच टाकू नका. आपल्याकडची सेलरी बारीक आणि उग्र असते, पानं काढून फक्त देठ घ्या. ती नसेल तर मी कोथिंबिरीचे जाड देठ घालतो, चालतात. धने-जिरं, आलं, गरम मसाला यांना या तीन पदार्थांत जागा नाही. भावाने आणलेला डबा वापरा, पण किलोला दोन चमचे, आणि वेगळं मीठ चव घेतल्यावरच.

नाताळला वीस माणसं असतील तर मी जांबालाया टाळेन आणि रेड बीन्सबरोबर स्मदर्ड पोर्क ठेवेन. जांबालाया तिप्पट करायचा तर लाल करण्याचे नऊ-दहा घाणे होतात, आणि तेवढा भात घरच्या शेगडीवर खाली लागतो, वर कच्चा राहतो. शिवाय तो ताजाच खायचा पदार्थ. बीन्स आणि स्मदर्ड पोर्क मात्र दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतात. तुमची आखणी अशी होईल: २१ ला मांस व्हिनेगरमध्ये, २३ ला रात्री राजमा भिजत, २४ ला दोन्ही पदार्थ शिजवून, पसरट भांड्यांत गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. बिडाच्या कढईत रात्रभर ठेवू नका, लोखंडाची चव उतरते. २५ ला सकाळी पळीभर पाणी घालून मंद आचेवर गरम करा, तोवर मोकळा पांढरा भात होतो. वरून कांद्याची पात बारीक चिरून, आणि टेबलावर व्हिनेगरचा तिखट सॉस ठेवा, ज्याला हवा तो घेईल.